चढणीच्या बाजूच्या खुणा

त्या घरात एक नाव काढायचे नाही असा दंडक होता, आणि तो खुद्द बाईसाहेबांनी घातलेला असल्यामुळे मोडण्याची कोणाची छाती नव्हती. विश्रामगृहाच्या स्वयंपाक्यापासून पाहुण्यांच्या गाड्या पुसणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांनी त्या नावाला वळसा घालून बोलायची अशी काही सवय करून घेतली होती, की नवख्याला वाटावे, बाईसाहेबांच्या पाठीवर कधी भाऊ झालाच नाही.

म्हणून त्या सकाळी चादरींच्या खोलीत सून जे बोलली, ते ऐकून बाईसाहेबांच्या हातातली चादर अर्ध्या घडीवरच थबकली.

"आई, मामा आज चालले. दुपारच्या लाँचने, लेकीकडे. आता परत यायचे नाहीत."

"कोण मामा?"

"तुम्हाला भाऊ तरी किती आहेत, आई?"

बाईसाहेबांनी चादरीची कड कडेला लावली आणि तळहाताने सुरकुती मोडली. या खोलीतली प्रत्येक चादर त्यांच्या हाताखालून जाई. कामवाल्या बायका घड्या घालत, बाईसाहेब त्या उलगडून पुन्हा घालत. कारण कोपऱ्याला कोपरा जुळवणे हे जगात आपल्याखेरीज कोणाला जमत नाही, याबद्दल त्यांची खात्री होती.

"तुझी जीभ हल्ली फार मोकळी सुटली आहे," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्षं बांधूनच ठेवली होती. रागवायचं ते संध्याकाळी रागवा, मी कुठे पळून जात नाही. पण लाँच काही तुमच्यासाठी थांबायची नाही."

"आणि हे तुला सांगितलं कोणी?"

"त्यांनीच."

"म्हणजे तू जातेस तिथे?"

"जाते. कधी पाव घेऊन जाते, कधी सूप. आपल्याच स्वयंपाकघरातलं. आता हेही संध्याकाळच्या रागात धरा."

एरवी अशा उत्तरानंतर त्या खोलीत आकाशपाताळ एक झाले असते. बाईसाहेब मात्र खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात घराच्या खिडक्या रंगवायला काढल्या होत्या. चौकटींचा ओला रंग नाकात चढत होता. खिडकीतून अंगण दिसत होते, अंगणाच्या टोकाचा तो मोठा सपाट दगड दिसत होता, आणि त्याच्यापलीकडे जिथे झाडी सुरू होई, तिथे वाट नाहीशी झालेली होती.

घर डोंगराच्या धारेवर होते आणि नदी पार खाली, कड्यांच्या पायथ्याशी. दोहोंच्या मधली उतरण म्हणजे जंगल, घळी आणि अधूनमधून एकदम पुढे येणारे उघडे कडे. बाईसाहेबांच्या वडिलांनी वर विश्रामगृह बांधले, खाली धक्क्याशी एक खोली बांधली, आणि त्या दोहोंना जोडणारी वाट स्वतः शोधून काढली. मोटाररस्ता पुष्कळ नंतर आला. आजही हौशी पाहुणे लाँचने धक्क्यावर उतरत आणि पाठीवर पिशव्या टाकून ती वाट चढून येत. वडिलांची खुणा करायची एक रीत होती. दगडावरचे शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडायचे, वर पांढरा पट्टा ओढायचा, त्यात लाल ठिपका द्यायचा. एका खुणेपाशी उभे राहिले की पुढची दिसलीच पाहिजे. आणि प्रत्येक दगड दोन्ही अंगांनी रंगवायचा. "जाणाराही आपला आणि येणाराही आपला," असे ते म्हणत.

वडिलांमागे घर मुलीच्या हाती आले आणि वाट मुलाच्या. घराला शिस्त लागली, वाटेला माया लागली. धाकट्याला सगळे वाटाड्या म्हणू लागले. तो पाहुण्यांना कडे दाखवी, घळीतून नेई, कुठल्या सुळक्यावरून नदीचे वळण पुरते दिसते ते सांगे आणि संध्याकाळी बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरात चिखलाचे बूट घेऊन शिरल्याबद्दल बोलणी खाई. "तायडे, तू सैन्यात असतीस तर शत्रूनेच आधी बूट पुसले असते," असे म्हणून तो हसे, आणि बाईसाहेब तोंड फिरवून हसत. कोणाला दिसू नये म्हणून.

मग एका ओल्या दिवशी एक पोरगेला पाहुणा मोठ्या कड्यावरून घसरला. मेला नाही, पायाचे हाड मात्र तुटले. त्याला झोळीत घालून वाटाड्याने आणि आणखी दोघांनी वर आणले, तेव्हा जेवणघर पाहुण्यांनी भरलेले होते, आणि त्या भरल्या जेवणघरात बाईसाहेबांनी भावाला धुऊन काढले. निष्काळजी म्हटले, घराला काळिमा म्हटले, बापाचे नाव बुडवलेस म्हटले. तो भिजलेला उभा होता. त्याच्या गप्प राहण्याने त्या आणखी पेटल्या आणि शेवटी म्हणाल्या, "यापुढे या घरात तुझं नाव निघणार नाही. आणि माझ्या दारातून बाहेर पडणाऱ्याच्या नजरेला त्या वाटेवर तुझी एक खूण पडता कामा नये. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला आणि खालच्या खोलीत राहायला गेला.

दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी खिडकीतून पाहिले, तर तो तारेचा ब्रश घेऊन दगड घासत होता. एकेक पांढरा पट्टा पुसत तो झाडीत दिसेनासा झाला.

पुढल्या हंगामात तो पाहुणा किंचित लंगडत आला, आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला, की वाटाड्यांनी मला तीनदा अडवले होते, मीच कड्याकाठचा दोर ओलांडून गेलो. बाईसाहेबांनी त्याला दुसरा कप दिला, बिस्किटे दिली, चांगली हवेशीर खोली दिली. खाली निरोप मात्र दिला नाही. बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आज सांगू, उद्या सांगू, तो वर आला तर सांगू, असे करता करता न सांगणे हीच सवय होऊन गेली.

"माझी काठी आण," बाईसाहेब खिडकीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या.

"मोटारीने जाऊ या ना, आई. रस्त्याने वळसा पडतो, पण—"

"मोटार घेऊन तुझा नवरा बाजारात गेला आहे. तो येऊन आपण पोचेपर्यंत लाँच समुद्राला लागेल. वाटेने जायचं."

"तुम्ही? वाटेने?"

"मी त्या वाटेवर चालायला शिकले, तेव्हा तुझ्या आईचं लग्न ठरलं नव्हतं. काठी."

अंगणाच्या टोकाशी दगडाजवळ म्हातारा कुत्रा पडला होता. बाईसाहेब रोज संध्याकाळी याच दगडावर बसत, घराकडे तोंड करून आणि वाटेकडे पाठ करून. म्हणजे कुठल्या खोलीतला दिवा उगाच जळतो आहे आणि कोण काम टाकून गप्पा मारते आहे, ते सगळे नजरेत येई. कालही बसल्या होत्या. हा कुत्रा एकाएकी उठून दगडाच्या मागल्या अंगाला गेला, शेपूट हलवत कुईकुई करू लागला, तेव्हा मागे न पाहताच त्यांनी त्याला दटावले होते. "रानमांजर दिसलं की प्रेम उतू जातं मेल्याचं. ये इकडे!" तो मुकाट्याने परत आला होता. आज तो त्यांच्यामागून येऊ लागला, तशी सुनेने त्याला परत हाकलले.

उतरण सुरू झाली. बाईसाहेब पुढे, सून मागे. गुडघे पहिल्या वळणावरच कुरकुरू लागले, पण कुरकुर ऐकून घ्यायची बाईसाहेबांना कधीच सवय नव्हती. झाडांची मुळे पायऱ्यांसारखी आडवी आली होती, नेच्यांची पाने गुडघ्यापर्यंत लागत होती आणि खालून नदीचा आवाज सतत येत होता. त्यांनी वाटेकडेचा एकेक दगड पाहिला. काळा, ओला, शेवाळलेला. पट्टा नाही, ठिपका नाही.

"बघितलंस? बापाची सगळी मेहनत पुसून बसला," त्या म्हणाल्या. रागाने म्हणायला गेल्या, पण आवाज हवा तसा लागला नाही. "मी म्हटलं म्हणून काय खरंच पुसायचं? माणूस रागात काय वाटेल ते बोलतो."

"आई, जरा मागे वळून बघता का—"

"उतरताना मागे बघायचं नसतं. नजर पायाखाली ठेवायची. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, आता तू नको शिकवू."

"बरं," सून म्हणाली. तिच्या त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होते, पण बाईसाहेबांचे तिकडे लक्ष नव्हते. त्या मनाशी बोलणे जुळवत होत्या. काय म्हणायचे? चुकले म्हणायचे? तो शब्द त्यांच्या ओठांवर बसेना. दुसऱ्याचा दागिना घातल्यासारखा परका वाटे. त्यापेक्षा सरळ 'चल घरी' म्हणावे. दोनच शब्द. हुकमासारखे म्हणावे, म्हणजे त्यालाही अवघड होणार नाही. तो काहीतरी फाजील बोलेल, बुटांवरून. मग आपण म्हणू, बूट बाहेर काढ. झाले. इतके सोपे होते, तर इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न मधेच डोके वर काढी, आणि बाईसाहेब काठी जोराने टेकवून त्याला खाली दाबत.

मोठ्या उंबराखाली वाट दुभंगली.

"डावीकडे, आई."

"उजवीकडे."

"उजवीकडे मोठा कडा आहे. धक्क्याची वाट डावीकडे."

"धक्क्याची वाट कड्याच्या पोटातून जाते. मी डोळे मिटून जाईन."

"जायची. मध्यंतरी ती दरड कोसळली ना, तेव्हापासून बंद झाली. मामांनी डावीकडून नवी काढली. मी दर आठवड्याला जाते, आई!"

"माझ्या बापाची वाट मला तू सांगणार?" बाईसाहेब म्हणाल्या आणि उजवीकडे वळल्या.

सून क्षणभर तिथेच उभी राहिली. मग "सांगून उपयोग नाही" असे उंबराला उद्देशून म्हणाली आणि सासूच्या मागे निघाली. म्हाताऱ्या बाईला कड्याच्या अंगाला एकटी सोडणार कशी?

चालता चालता झाडी विरळ झाली आणि एकदम संपली. पुढे सपाट खडक, खडकाच्या कडेला गंजके खांब, आणि खांबांपलीकडे नुसते आकाश. डाव्या हाताला, जिथे बाईसाहेबांच्या आठवणीतली वाट कड्याच्या पोटात उतरत असे, तिथे फुटलेल्या दगडांची लालसर जखम होती. वाट नव्हती. वाटेची जागासुद्धा नव्हती.

वडिलांनी या जागेला काही नाव दिले नव्हते. नुसते 'वरून बघायची जागा' म्हणत. इथून नदीचे सगळे वळण एका नजरेत मावे: पलीकडचे कडे, त्यांच्या सावल्या, मधली पाण्याची हिरवी काच. आणि थेट पायाखाली, खेळण्याएवढा, धक्का.

धक्क्याला लाँच लागलेली होती.

एक माणूस फळीवरून चढत होता. पाठीला किंचित पोक होते; एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला खलाशाने धरले होते. बाईसाहेबांनी तो चालण्यावरून ओळखला. उजवा पाय आधी बाहेर फेकायची लहानपणची खोड. त्या खोडीवरून त्यांनीच त्याला चिडवले होते, बदकासारखा चालतोस म्हणून. पण हा म्हातारा कधी झाला? त्यांच्या मनात जो खाली राहत होता, तो भिजलेला, ताठ, काळ्या केसांचा माणूस होता.

त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली. घरची हाक, आधी लांब आणि मग आखूड. लहानपणी दोघे झाडीत चुकले की एकमेकांना घालत ती. समोरच्या कड्याने ती प्रामाणिकपणे परत केली. खाली इंजिन सुरू झाले होते.

"त्यांना ऐकू कमी येतं, आई," सून हळूच म्हणाली. "जवळून बोलावं लागतं."

बाईसाहेबांनी पुन्हा हाक घातली. पुन्हा घातली. मग डोक्यावरचा रुमाल सोडून हलवू लागल्या; आणि ज्या बाईने उभ्या जन्मात मान हलवूनसुद्धा कोणाला बोलावले नव्हते, ती कड्याच्या टोकाला उभी राहून झेंडा फडकवावा तसा रुमाल फडकवू लागली. सुनेने मागून त्यांची कंबर धरली. हे धरणे त्यांना कळलेही नाही.

लाँच धक्क्यापासून सुटली. म्हातारा आत जाऊन बसला नाही. मागच्या कठड्याशी उभा राहिला आणि काठाकडे बघत राहिला. वर नाही. तो बघत होता डावीकडच्या झाडीतल्या त्या भोकाकडे, जिथून नवी वाट धक्क्यावर उतरत होती. लाँच वळली, तसा तोही जागच्या जागी वळला, पण नजर काढली नाही. त्या वाटेने कोणी धापा टाकत बाहेर येईल, म्हणून माणूस बघतो, तसा तो बघत होता. मग कडा आडवा आला.

"मी डावीकडे म्हटलं होतं," असे सून म्हणाली नाही. याबद्दल बाईसाहेब तिला पुढे जन्मभर मनातल्या मनात दुवा देणार होत्या.

बराच वेळ त्या खडकावर बसून राहिल्या. मग सुनेने हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला.

उंबरापाशी येऊन त्या वर चढायला वळल्या आणि थांबल्या. समोरच्या दगडावर पांढरा पट्टा होता. मधे लाल ठिपका. मघाशी ज्या दगडाला त्यांनी काळा, शेवाळलेला म्हणून नावे ठेवली होती, तोच हा दगड. त्याच्यापलीकडे, वळणावर, पुढचा पट्टा. त्याच्या वर, मुळांच्या पायऱ्यांशी, आणखी एक. शेवाळ नीट खरवडलेले, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ, रंग ताजा. सारी वाट वरपर्यंत पांढऱ्या-लाल डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती.

"हे काय?" बाईसाहेबांनी विचारले.

"मामा दर वर्षी रंगवतात."

"तू कधीपासून बघते आहेस?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"आणि कोणी एका शब्दाने मला बोललं नाही!"

"नाव काढायचं नव्हतं ना, आई." सुनेने हे कुत्सितपणे म्हटले असते, तर त्यांना सोसले असते. ती नुसती सांगत होती. "पाहुणे म्हणायचे, वाट काय सुरेख राखली आहे, पोरसुद्धा चुकायचं नाही. तुम्ही म्हणायच्या, माझा मुलगा बघतो. तो बिचारा ताटात तोंड घालून बसायचा."

बाईसाहेब काठीवर रेलल्या.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना," सून म्हणाली, "एकाच बाजूला का रंगवता म्हणून. तर म्हणाले, 'तायडीचा हुकूम आहे. तिच्या दारातून निघणाऱ्याला खूण दिसायची नाही. तिच्या दाराकडे येणाऱ्याबद्दल ती काही बोलली नव्हती.' आणि हसले. म्हणाले, 'हुकूम मोडायची हिंमत नाही बाबा आपली. पण फटीतून जाता येतं.'"

पुढच्या चढणीवर त्या प्रत्येक दगडापाशी क्षणभर थांबत, बघत, पुढे जात. सुनेला वाटले, दम लागला. दम लागलाच होता, पण त्या थांबत होत्या ते त्यासाठी नव्हे. प्रत्येक दगडापाशी गुडघे टेकून बसलेला माणूस त्यांना दिसत होता. आधी तरुण, मग केस पिकलेला, मग पोक आलेला. दर वर्षी धक्क्यापासून निघून, एकेक दगड घासत, रंगवत, तो त्यांच्या दाराच्या दिशेने चढत आला होता. आणि दर वर्षी शेवटचा दगड रंगवून, दार न वाजवता, उलटा उतरून गेला होता.

शेवटचा दगड.

झाडी संपली आणि अंगणाचे टोक दिसले. तिथे त्यांचा बसायचा सपाट दगड होता, त्याचे मागले अंग आता समोर होते. भावाला घालवल्यापासून या अंगाला त्या कधी आल्याच नव्हत्या. त्याच्यावर पांढरा पट्टा होता, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत नेटका, आणि लाल ठिपका असा गोल, की वडिलांनीही शाबासकी दिली असती. कुत्रा तिथे वाट पाहत बसला होता. त्यांना बघून तो दगडाच्या बुडाशी नाक लावून कुईकुई करू लागला, कालच्यासारखाच.

बाईसाहेबांनी हात टेकवला. ठिपका बोटांना चिकटला. अजून पुरता वाळला नव्हता.

काल संध्याकाळी त्या या दगडावर बसल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे बघत. हातभर मागे, गुडघ्यांवर, तो होता. ब्रश दगडावर फिरत असणार. कानांनी अधू माणसाला आपला श्वास किती मोठ्याने येतो ते कळत नाही, तो श्वासही असणार. रंगाचा वास आला होता, तो त्यांनी खिडक्यांच्या माथी मारला. कुत्र्याने सांगितले, तर त्यालाच दटावले. नुसती मान वळवायची होती.

"आई, हात भरला. रॉकेल आणू का? निघून जाईल," सून म्हणाली.

"नको."

"त्यांच्या लेकीला फोन करता येईल रात्री. ती ओरडून सांगेल त्यांना."

"सांगू," बाईसाहेब म्हणाल्या. "काय सांगायचं ते आधी मला शिकव."

घरातून कोणीतरी बाईसाहेबांना हाक मारत होते. धक्क्यावर लाँचने उतरलेले पाहुणे आता चढून येतील, खोल्या कोणत्या द्यायच्या, चादरी कुठे आहेत. चादर अर्ध्या घडीवर पडलेली होती. बाईसाहेबांनी हातानेच खूण केली, तू जा.

सून गेली. बाईसाहेब दगडाला धरून हळूहळू खाली बसल्या, जमिनीवर, रंगवलेल्या अंगाला पाठ लावून. लुगड्याला रंग लागेल, हे मनात येऊनही त्या हलल्या नाहीत. घर आता त्यांच्या पाठीशी होते आणि वाट समोर. इथून, वरून, खाली जाणाऱ्या वाटेवरचा एकही दगड रंगवलेला दिसत नव्हता. त्यांनीच तसे सांगितले होते.

कुत्रा शेजारी येऊन बसला आणि दोघे वाटेकडे बघत राहिले. थोड्या वेळाने खालून हसण्याबोलण्याचे आवाज येऊ लागले. पाहुणे न चुकता येत होते.